पांढऱ्याच्या अलीकडे

मलकापूर
११ मार्च २०२५

शालूबाई,
जय भीम.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आपलं जे बोलणं झालं ते चार लोकांनी ऐकलं. उद्या तुम्ही म्हणाल, मी असं बोललेच नव्हते. म्हणून फोन करत नाही, लिहिते. तुम्हीही लिहूनच उत्तर द्या. माझं निम्मं आयुष्य व्यासपीठावर बोलण्यात गेलं आहे. बोललेला शब्द किती सहज नाकारता येतो हे मला कोणी सांगायला नको.

माझ्या मुलीचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत भाजला. तुमची सून म्हणून भाजला, तुमच्या डोळ्यांसमोर भाजला. तुमच्या मुलाने, अश्वजितने, डॉक्टरांना सांगितलं, वाफ लागली. तुम्ही नर्सला सांगितलं, गरम पाणी उडालं. आणि योगिनी मला म्हणाली, "माझीच चूक झाली, आई." हे म्हणण्याआधी तिने तुमच्याकडे पाहिलं. मी ते पाहणं विसरलेली नाही. हात एक आणि कारणं तीन. यातलं खरं कोणतं?

मी तिची कुर्ती मागून घेतली आणि उजेडात धरून पाहिली. बाही शाबूत आहे. डाग नाही, भोक नाही, कुठे काळी पडलेली नाही. आणि त्याच बाहीच्या आत कातडं असं सोललं गेलं की पट्टी बदलताना मला बाहेर जावं लागलं. कापड वाचलं आणि हात गेला, असा अपघात मी ऐकलेला नाही. कुर्ती नंतर घातली असेल तर गोष्ट वेगळी.

अश्वजित वाफ म्हणतो. रोज सकाळी चहाच्या पातेल्यावरची वाफ माझ्या तोंडावर येते. चष्म्यावर धुकं धरतं, ते पदराने पुसून मी पेपर वाचते. वाफ म्हणजे पाण्याचा उडून जाणारा हलका भाग. ती माणसाला उकळत्या पाण्याहून जास्त भाजते, हे मी का मानावं? जळालेल्या सुनांसाठी ज्या सभा झाल्या, त्यांतल्या कितीतरी सभांमध्ये मी बोलले आहे. प्रत्येक घरात एकच उत्तर तयार असायचं: स्टोव्ह भडकला. गावोगाव गॅस आला, स्टोव्ह गेले. आता त्याच्या जागी वाफ आली आहे का, शालूबाई?

फोन केला तर तुम्ही शेजारी असता, फोन स्पीकरवर असतो, आणि ती "बरी आहे" एवढंच म्हणते. मलकापूरला चल म्हटलं तर नको म्हणते. पोटची मुलगी भाजल्यावर आईकडे यायला नको म्हणते, याचा अर्थ मी काय लावायचा तो लावला आहे.

मला कळवा. त्या दिवशी कोणाच्या शेतात काम होतं, तिथे कोण कोण होतं, आणि तिने हात कशात घातला, कोणाच्या सांगण्यावरून घातला.

महामाया


डोणगाव
१५ मार्च २०२५

विहीणबाई,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र भेटलं. पोस्टमन म्हने, मावशी, आताच्या जमान्यात पत्र कोन लिहिते? म्या म्हटलं, ज्याचा कोनावर भरोसा नाही थो लिहिते. मी सातवी शिकली हावो, माह्या लिहिन्याले हसू नका.

नर्स इचारे काय लागलं, काय लागलं. मी भेदरली होती. तोंडातून गरम पानी निघालं. त्यात खोटं काय हाये? पान्याचीच वाफ होते न बाप्पा.

तुमी हळदीचा कुकर पाह्यला नसन, म्हनून सांगतो. लोखंडी गाडा असते, ट्रॅक्टरमागं बांधून वावरात नेतो. मंधात पान्याची टाकी, खाली लाकडाचा जाळ. टाकीतली वाफ पाइपातून बाजूच्या ड्रमात जाते. ड्रमात कच्ची हळद भरतो, वरून झाकन. पहिले आमी कढईत पानी टाकून हळद शिजवो, दिवस जाये. आता ड्रमातली हळद जेवन होते न होते तोवर शिजते. शिजली का नाही ते पाहाले एखादं कांडं काढून त्याले काडी टोचतो. काडी आरपार गेली का शिजली.

त्या दिवशी रहेमतुल्लाभाईच्या वावरात काम होतं. अश्वजित लाकडं आनाले गेला होता. जवळ मी होती अन् योगिनी होती. बाकी बाया तिकडं हळद वाळू घालत होत्या. योगिनीनं कांडं काढाले ड्रमात हात घातला. वाफ लागली. अश्वजित खरं बोलला.

तुमच्या चष्म्यावर येते ते वाफ मेलेली असते. तिची न् कुकराच्या वाफेची बरोबरी करू नका. बाहीले काई झालं नाही कारन वाफेले जाळ नसते, ते कापडाच्या आरपार जाते. कुर्ती तिच्या आंगावर सकाळपासून तेच होती.

स्टोव्हचं लिहिलं ते वाचलं अन् पत्र घडी करून ठेवून देल्लं. त्या दिवशी मले जेवन गेलं नाही. तुमी मोठ्या सभेत बोलता, लोक टाळ्या वाजवते. माह्या घराबद्दल लिहितानी तरी टाळ्या बाजूले ठेवा.

पोरीनं हात काऊन घातला ते तिले इचारा.

शालू


मलकापूर
१९ मार्च २०२५

शालूबाई,
जय भीम.

तुमचं पत्र मी ओळ न् ओळ तपासलं. बाकी सगळं सविस्तर, गाडा, टाकी, पाइप, आणि मुख्य प्रश्नाला एक ओळ: तिले इचारा. ही ओळ मी खूप ऐकली आहे. ती नेहमी तोच माणूस म्हणतो ज्याला उत्तर माहीत असतं.

तरी मी न्यायाने वागणारी बाई आहे. पुराव्याशिवाय मी देव मानला नाही, तर पुराव्याशिवाय तुम्हाला गुन्हेगार तरी का मानू? तुम्ही वाफेचं नाव घेतलंत, तेव्हा मी वाफ तपासायचं ठरवलं. खरं सांगते, तुम्हाला खोटं पाडायलाच बसले होते.

स्टीलचे दोन सारखे पेले घेतले. दोन्हीत सारखं गार पाणी. कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली आणि मंद आचेवर वाफ एका पेल्यातल्या पाण्यात सोडली. नळी बुडबुड करत होती, त्याहून जास्त काही नाही. पाण्याची पातळी नखभर वर आली तेव्हा नळी काढली आणि पेला उचलायला गेले. उचलता आला नाही. मग दुसऱ्या पेल्यात तेवढंच, पातळी नखभर वर येईल इतकंच उकळतं पाणी ओतलं. तो पेला मी दोन्ही हातांनी धरून बसले. साधा कोमटही म्हणवत नव्हता. वाफेचं जेवढं पाणी झालं तेवढंच उकळतं पाणी, आणि एवढा फरक. तीनदा केलं, कारण पहिल्या दोन वेळा माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, विज्ञान नाही. शेजारच्या ऋत्विकचं अकरावीचं पुस्तक मागून आणलं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गार पाणी उकळीला यायला जेवढी उष्णता घेतं, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच उकळतं पाणी वाफ होताना घेतं. आणि एवढं घेऊनही त्याचं तापमान काडीभर वाढत नाही. उकळतं पाणी शंभर अंशांवर, वाफ शंभर अंशांवर. वरून पाहिलं तर दोन्ही सारखी. मग ती उष्णता जाते कुठे? वाफेच्या पोटात. तिथे ती मुकाट बसून राहते. आणि वाफेला गार काही भेटलं, पेला असो, हळद असो, माझ्या मुलीचा हात असो, की तिचं पुन्हा पाणी होतं आणि पोटातलं सगळं ती एका क्षणात त्याच्यावर टाकते. म्हणून तुमची हळद लवकर शिजते. म्हणून माझ्या मुलीचा हात शिजला.

तेव्हा वाफेने भाजलं हे मी मान्य करते. स्टोव्हचं वाक्य मागे घेते. मी चुकले तर चुकले म्हणते, हे तुम्ही लक्षात ठेवा.

पण माझा संशय यामुळे कमी झालेला नाही, उलट वाढला. वाफ एवढी वाईट आहे, हे गाडा घेतल्यापासून तुम्हाला माहीत होतं. माझ्या मुलीला तुमच्या घरात येऊन हळदीचे दोनच हंगाम झाले आहेत. उघड्या हाताने तिथे ती आपणहून गेली? तुम्ही हाताच्या अंतरावर उभ्या होतात आणि गप्प राहिलात? वरून शांत, आत सगळं साठवलेलं, अशी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही तशा आहात का, एवढंच मला कळायचं आहे.

महामाया


डोणगाव
२४ मार्च २०२५

विहीणबाई,
जय भीम.

तुमी पेल्यात वाफ घेऊन पाह्यली हे बरं केलं. योगिनीले वाचून दाखवलं तं ते हसली. म्हने, आई आता गावोगाव कुकर घेऊन फिरन.

पोरगी बरी हाये. पट्टी बदलाले मेहकरले नेतो. अंगठा हालवते. वरन-पोळी कुस्करून म्याच चारतो, अश्वजितच्या हातानं खात नाही, थो लय मोठा घास करते म्हने. मलकापूरले येत नाही म्हनते. मी अडवलं नाही. तुमाले न्याले यायचं असन तं या, दार उघडं हाये.

हात काऊन घातला ते मले पुन्हा इचारू नका. मी सांगनार नाही.

शालू


मलकापूर
२८ मार्च २०२५

शालूबाई,

'मी सांगनार नाही.' तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनिशी हे वाक्य माझ्याकडे आहे. ज्याचा हात स्वच्छ असतो तो असं लिहीत नाही.

तुम्ही सांगत नाही, म्हणून मी दुसरीकडे विचारलं. रहेमतुल्लाभाईंचा नंबर मिळवला. आधी ते बोलायला तयार नव्हते. "बाई, तुमच्या घरातली बात हाये, मले मंधात नका घेऊ." मी म्हटलं, भाई, तुमच्या मुलीचा, छकुलीचा हात असता तर? मग म्हणाले ते असं, शब्दाला शब्द:

"झूठ कायले बोलू बाई. मी वरल्या बांधावर होतो. किंकाळी आयकली, धावत आलो, तं सासूबाई पोरीले हौदापाशी घेऊन बसली. पोरीचा हात पान्यात दाबून धरेल. पोरगी रडे, म्हने, सोडा आत्याबाई, थंडी वाजून राह्यली, सोडा. थे काई सोडे ना. मी म्हटलं, अहो बाई, काय करून राह्यल्या? तं माह्यावरच खेकसली. म्हने, भाई, तुमी तुमची हळद पाहा."

तुमी तुमची हळद पाहा. माझी मुलगी भाजलेल्या हाताने रडते आहे, सोडा म्हणते आहे, आणि तुम्ही तिला धरून ठेवता आणि मदतीला आलेल्या माणसाला हाकलून देता. हे दोन्ही पत्रांत कुठे आहे? गाडा आला, पाइप आला, पोस्टमन आला. हौद आला नाही.

आता मला तुमचं उत्तर नको. तक्रार लिहून तयार आहे. सोमवारी, ७ एप्रिलला, मी डोणगावच्या पोलीस ठाण्यात ती देणार. त्यात तुमचं नाव पहिलं आणि अश्वजितचं दुसरं. त्याच दिवशी मुलीला घेऊन जाणार. ती नको म्हणाली तरी. भ्यालेल्या माणसाचं नको मी नको समजत नाही.

महामाया


डोणगाव
२ एप्रिल २०२५

विहीणबाई,

हाव. धरलं. रहेमतुल्लाभाई खरं बोलले.

वाफ लागली तशी पोरगी वरडली अन् हात घेऊन गरगर फिरली. मी हळद-तेल आनाले धावली, आमच्यात भाजल्यावर तेच लावते. तिनं पाह्यलं अन् म्हने, आत्याबाई, ते नको, हौद, हौद. आपल्या पायानं हौदाकडे गेली अन् हात कोपरापर्यंत पान्यात टाकला. मंग मले म्हने, 'आता मी काढा म्हनीन. रडीन. तुमी काढू नका.' असं सांगून ठेवलं तिनं, शुद्धीत होती तवा. मंग तिले थंडी भरली अन् सोडा, सोडा सुरू झालं. म्या काय करावं, सांगा तुमी. आंधीच्या योगिनीचं आयकावं का मंगाच्या? म्या आंधीचीचं आयकलं. तिचं तोंड पाहवत नव्हतं म्हनून मान फिरवून धरलं. त्यात रहेमतुल्लाभाई आले दया करत. दया आयकली असती तं माहा हात सुटला असता. म्हनून खेकसली.

हौद मोठा, पानी गार. तरी तिच्या हाताभोवतीचं पानी कोमट लागे. एवढ्याशा हातातून किती आग निघत होती, मले नवल वाटे. मंग म्या पानी हालवून नवं पानी तिच्या हातापाशी घेतलं. अश्वजित गाडी घेऊन आला तवर तसंच.

डाक्टर म्हने, वरची कातडी गेली, पन खालचं वाचलं. वाफेची आग हाताच्या आत उतरत जाते, ते पान्यानं वढून घेतली. बोटं हालतीन म्हने. तुमी फोन करून इचारा, माह्यावर भरोसा ठेवू नका.

हे आंधी काऊन नाही लिहिलं? हौदाचं लिहिलं असतं तं तुमी पुढचं इचारलं असतं. तुमी थांबत नाही. पुढचं मले लिहिता येत नाही.

सोमवारी या ठान्यात. मी आंधी येऊन बसतो.

शालू


डोणगाव
३ एप्रिल २०२५

आई,

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. वाकडं आहे, वाचून घे. आत्याबाईंना न सांगता लिहिते आहे. पाकीट रहेमतुल्लाभाईंची छकुली पोस्टात टाकेल.

तू ठाण्यात जाऊ नकोस. मी भ्यालेली नाही. तुला ते पटत नाही, म्हणून सगळं लिहिते.

या गावातल्या सगळ्या बाया हळद शिजवताना एक गोष्ट पाळतात. पांढऱ्यात हात घालायचा नाही. पांढरं म्हणजे वाफ. ते वर निघून जाऊ द्यायचं आणि त्याच्या खालून हात घालायचा. आत्याबाईंना हे त्यांच्या सासूने शिकवलं. कढईवर गोणपाट टाकून शिजवायचे तेव्हा ते चालायचं. तिथली वाफ सुटी असायची, जोर नसायचा. गोणपाट उचललं की पांढरा लोट वर जायचा आणि खाली नुसती ऊब राहायची. आत्याबाईंनी मला तेच शिकवलं, प्रेमाने शिकवलं.

त्या दिवशी मी झाकण थोडं उचललं. पांढरं वर निघालं. पण झाकण आणि पांढरं यांच्यामध्ये वीतभर जागा स्वच्छ दिसत होती. पलीकडचं झाड दिसत होतं तिच्यातून. माझा हात थांबला. आत्याबाई म्हणाल्या, "घाल, मोकळं हाये." मी घातला.

आई, मोकळं नव्हतं. खरी वाफ दिसतच नाही. पांढरं दिसतं ते वाफेचं पुन्हा झालेलं पाणी असतं, बारीक थेंब. त्याने जी उष्णता टाकायची ती टाकायला सुरुवात केलेली असते. त्याच्या अलीकडे जे काहीच दिसत नाही तिथे वाफ असते, सगळी उष्णता पोटात धरून. हे मी बी.एस्सी.ला शिकले आहे, परीक्षेत लिहिलं आहे. पण डोक्याला माहीत होतं आणि हाताने आत्याबाईंचं ऐकलं. म्हणून मी तुला म्हटलं की चूक माझीच. ते खोटं नव्हतं.

तुझं पेल्यांचं पत्र आलं तेव्हा मी हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते रात्री पुन्हा वाचलं. त्यांना वाटतं, त्या "घाल" म्हणाल्या ते किंचाळण्यात मी विसरले. त्या माझ्याकडे नीट बघत नाहीत. मला घास भरवतात आणि भिंतीकडे बघतात. त्या दिवसापासून गाड्याजवळ गेल्या नाहीत. अश्वजित मजूर बायांना घेऊन काम उरकतो, आणि त्या बाया अजून पांढऱ्याच्या खालूनच हात घालतात. मला त्याची भीती वाटते. पण मी सांगायला गेले तर कोणी विचारेल, तुझा हात कसा भाजला, कोणी सांगितलं. आणि आत्याबाई तिथे ऐकतील.

तू ठाण्यात गेलीस तर त्या स्वतःहून सगळ्यांसमोर सांगतील. मला माहीत आहे, त्या तशा आहेत. मग गावात त्या 'सुनेचा हात भाजणारी' होतील आणि मला त्यांच्यासोबत या घरात जन्म काढायचा आहे. मी तुला आधी सांगितलं नाही, कारण तू भाषण केलं असतंस.

तुला काही करता आलं तर कर. पण तुला कळलं आहे हे त्यांना कळू देऊ नकोस.

योगिनी


मलकापूर
९ एप्रिल २०२५

शालूबाई,
सप्रेम जय भीम.

सोमवारी मी आले नाही हे तुम्ही पाहिलंच. तुम्ही ठाण्याच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून होतात असं अश्वजितने सांगितलं. उन्हात बसवून ठेवलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. तक्रार फाडून टाकली.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तुमचा शब्द न् शब्द खरा केला. वर हेही म्हणाले की मुलगी सोडा म्हणाली तेव्हा सोडलं असतं, तर आज ते माझ्याशी वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असते. मी त्या हौदावरून तुम्हाला काय काय लिहिलं ते मला पाठ आहे. व्यासपीठावर मी ज्यांच्यासाठी बोलते त्यांच्यात मुलीची आई असते, मुलगी असते. सासूला मी नेहमी समोरच्या बाजूला उभं केलं. प्रत्येक वेळी ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तुमच्या बाबतीत चूक होतं.

हात का घातला, हे मी आता विचारत नाही. विचारायची गरज राहिली नाही, त्याचं कारण सांगते. परवा मी पुन्हा ती रबरी नळी लावून बसले. नळीच्या तोंडाशी काहीच दिसत नव्हतं, पांढरं दोन बोटं पुढे सुरू होत होतं. मला वाटलं, तोंडाशी वाफ नाही. तिथे बोट धरलं आणि भाजलं. तेव्हा पुस्तकात पाहिलं. खरी वाफ दिसतच नाही, पांढरं दिसतं ते तिचं पाणी होऊ लागलेलं असतं. जिथे मोकळं दिसतं तिथेच ती असते. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, मला तिथे बोट धर असं कोणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांना जे दिसलं त्यावर मी विश्वास ठेवला. म्हणजे ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. शिकलेल्याच्या, न शिकलेल्याच्या, नव्या सुनेच्या, जुन्या सासूच्या. योगिनीचंही असंच काही झालं असावं, असा आपला माझा अंदाज.

एक विनंती आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बायांना हे सांगा. माझं नाव घेऊन सांगा, महामायाबाईंचं बोट भाजलं म्हणून सांगा. लोक हसतील, हसू द्या. वाफ बंद केल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, उघडलं तरी लगेच हात घालायचा नाही, आणि कांडं लांब चिमट्याने काढायचं. अश्वजितला मात्र मी सोडणार नाही. एवढा लोखंडी गाडा घेतला आणि एक चिमटा घेतला नाही, याचं उत्तर त्याने तोंडी दिलं तरी चालेल.

योगिनीला न्यायला येत नाही. भेटायला येईन, तुम्ही बोलवाल तेव्हा.

तुमची,
महामाया


डोणगाव
१३ एप्रिल २०२५

विहीणबाई,
सप्रेम जय भीम.

पत्र भेटलं. तुमाले खोटं लिहिता येत नाही.

संशय घेता तवा तुमी बाहीचा धागा न् धागा लिहिता. पेल्यात पानी कितीक वर आलं ते नखानं मोजून लिहिता. अन् सोताचं बोट भाजलं ते दोन शब्दांत? कोनतं बोट, उजवं का डावं, फोड आला का नाही, काई नाही. तुमचं बोट खरंच भाजलं असतं तं मले त्याच्यावर चार पानं वाचा लागली असती.

पोरीनं तुमाले कळवलं. त्या आठवड्यात तिच्या डाव्या तळहाताले शाई लागेल होती. डाव्या हातानं लिहिनाऱ्याचा हात लिहिलेल्यावरून फिरते. म्या पाह्यलं अन् बोलली नाही. मले वाटे तिले आठवत नाही. तिले वाटे मले ठाव नाही. आता त्यात तुमी तिसऱ्या. कितीक दिवस एकमेकीले झाकावं मानसानं? घरात तीन मानसं, अन् कोनाच्या तोंडाकडे पाहाची सोय नाही.

हाव, 'घाल' म्या म्हटलं. लिहून देतो, जपून ठेवा.

तुमचं नाव घेऊन सांगाचं माह्या मनात आलं होतं, खोटं नाही बोलत. सोपं होतं. पन बाया तुमाले ओळखत नाही. मलकापूरच्या बाईचं बोट भाजलं तं त्यायले काय? हसल्या असत्या अन् पुन्हा हात घातला असता.

काल गाडा शालिकरावच्या वावरात होता. सकाळी गेली. अश्वजित म्हने, आई, तू काऊन आली? म्या म्हटलं, गप्प बैस, जाळ लाव. वाफ धरली तसं बायांले बोलावलं. ड्रमाचं झाकन काठीनं उचललं. पांढरं वर गेलं, खाली मोकळं दिसलं. म्या एक कोबीचं पान काडीले टोचलं अन् त्या मोकळ्यात धरलं. बाया म्हने, अवं, तिथं काई नाही. पान काळपट हिरवं झालं अन् लुळं पडलं, पाहता पाहता.

म्या सांगितलं, आतापर्यंत म्या शिकवलं ते चुकीचं होतं. वाफ दिसत नाही. दिसते ते तिचं पानी.

एक म्हातारी हाये, ते मानाले तयार नाही. म्हने, शालू, इतके दिवस आमी असंच केलं, तुले हे आता कोनं सांगितलं?

म्या म्हटलं, माह्या सुनेच्या हातानं. म्या तिले घाल म्हटलं होतं.

योगिनी मांगच उभी होती, मले ठाव नव्हतं. फटफटीवर बसून आली होती कोनाच्या तरी मांगं, पट्टीच्या हातानं. ते पुढं आली, माह्या हातातली काठी घेतली डाव्या हातानं, अन् झाकन खाली टाकलं. म्हने, आत्याबाई, वाफ वाया चालली.

मंग बाया कामाले लागल्या.

शालू